उणे बावन्न

अमळनेरला मोटार वायंडिंगच्या दुकानावर माझी खोली.
भिंतीला अंड्यांचे ट्रे, दाराला गोणपाट,
पंखा बंद. रेकॉर्डिंगला पंखा चालत नाही.
हिलाल आप्पा बेटावदहून आले, थाळी पिशवीत घालून.
भुसावळ पॅसेंजर जाईपर्यंत आम्ही चहा घेतला.
मग त्यांनी वही म्हटली.

वायरींतून पन्नास हर्ट्झची घुमघुम आत शिरते,
ती मी पायातला काटा काढावा तशी काढली.
सेकंदाचे चव्वेचाळीस हजार शंभर तुकडे,
दर तुकड्याची उंची मोजून आकडा मांडलेला.
आप्पांचा गळा असा मोजला गेला,
आणि वरच्या ओळीला हात घालण्याआधी
त्यांनी घेतलेला श्वासही:
उणे बावन्न डेसिबल.

इथे शून्य म्हणजे तळ नव्हे, छत.
ज्याने त्याने खालीच राहायचं.
भटूला हे पटत नाही.
सोळा बॉक्सची गाडी त्याची, मेपर्यंत लग्नं धरलेली.
"वाढाव ना भो. अजून वाढाव."
मी लिमिटर दाबतो. लाटांची डोकी सपाट,
श्वास वर येतो, हाकेच्या खांद्याला खांदा लावतो,
थाळी किणकिणायची सोडून चरचरते.
मी म्हटलं, भरीत बडगीत कुटावं,
पण एखादी फोड राहू द्यावी.
भटू म्हणाला, नाचणाऱ्याला फोड लागते का?

त्याने ते मोबाइलवर मागवलं, आणखी लहान करून.
कानाला कळणार नाही असं यंत्र ठरवतं
आणि फेकून देतं.
मागाहून फाइल कितीही फुगवा,
पिठाची ज्वारी होत नाही.

एक प्रत मी माझ्यापुरती केली.
छताखाली हातभर जागा सोडून.
चोवीस बिटांची सोळा करताना
मुद्दाम चिमूटभर खरखर मिसळली,
म्हणजे शेवटचा सूर विझताना
पायऱ्यांवर अडखळत नाही.
(हे कोणाला सांगितलं तर हसतात.
साफ करणारा माणूस कचरा कशाला घालतो?)

दोन्ही आप्पांना धाडल्या.
तिसऱ्या दिवशी फोन आला.
"भटूनं बेस शे. पार पांझरालगून ऐकू गयं."
"आणि दुसरं?"
"दुसरं... ते त मी घरमा म्हणस तसं शे."

मी बरं म्हटलं.

रात्री खालचं शटर पडलं की ती दुसरी लावतो.
चौथ्या मिनिटाला आप्पा श्वास घेतात.
तेवढ्यापुरता पंखा बंद करतो.