टिंबं

अंक सातवा. दोनशे साठ प्रती.
सहाव्याच्या नव्वद अजून माझ्या पलंगाखाली.
नारायण पेठेत, तांबोळींच्या छापखान्यात
प्रुफं तपासतोय. चहा गार.

शाल्मली परचुरे, वय एकवीस, लिहिते:
'जें टिकलें, तें उगाच टिकलें नाहीं.'
शब्दाशब्दाच्या डोक्यावर
पणजोबांच्या काळचं टिंब.
लाल पेनानं मी एकशे बारा उडवली.

तिचा फोन आला नाही.
आला धुमाळचा,
जो रेशनपासून रस्त्यापर्यंत सगळं
सरकारच्या हातून सोडवायला निघालाय
आणि ज्यानं मागच्याच अंकात
तिच्या लेखाला लोणच्याची बरणी म्हटलं होतं.
"सर, शुद्धलेखनाचे हे नियम लागू कुणी केले?"
"सरकारनं."
"मग?"

पेनाचं टोपण लावलं.
रात्री नऊपर्यंत शिसपेन्सिलीनं
एकेक टिंब परत बसवत गेलो.
एकशे अकरा झाली.
उरलेलं एक कुणाच्या डोक्यावरचं, आठवेना.

तांबोळी कागद दिव्याखाली धरतात:
"शाई उडालीय का हो वर?"
"नाही. तसंच छापा.
दोघांचं एकमत झालंय.
पुढच्या अंकापर्यंत टिकेल
असं काही नाही."