एक ते चार

हेमांगी, आधी तू तीन दिवस म्हणालीस.
मी भिंतीवरचं कॅलेंडर उतरवलं,
तुरीचे दाणे ठेवून तारखा अडवल्या.
शुक्रवारी तू येशील, पाय धुशील, झोपशील.
संध्याकाळी मांडवीच्या कडेने चालू,
पाण्यात सांडलेले कॅसिनोंचे दिवे बघून
तू नाक मुरडशील,
चार पावलांवर थांबून पुन्हा बघशील.

शनिवार दुकानांचा.
मॉल नव्हे गं.
फोंतान्यासात एक पिवळं घर आहे,
ओसरीत दुकान, आत शिलाईयंत्र,
इर्मेलिंदा नावाची बाई, तोंडात टाचण्या,
टाचण्यांसकट बोलते.
तिच्याकडे कुणबी चौकड्याचा एक झगा आलाय,
लाल. कुंकवासारखा नाही,
भिरंडाच्या सालीसारखा, वाळायच्या आधीचा.
त्याला दोन खिसे, खरे,
मनगटापर्यंत हात जाईल असे.
मी दोनदा जाऊन बघून आले.
तिसऱ्यांदा गेले तेव्हा ती म्हणाली,
"बाये, तुका जाय काय कोणाक जाय?"

मी म्हटलं, मैत्रिणीला.
ती दुकानात शिरली की
आधी लेबल उलटते, मग कापडाला हात लावते.
(कोल्हापूरच्या हॉस्टेलात आपल्या दोघींत
एक हिरवा पंजाबी ड्रेस होता, आठवतं?
तू सकाळी मुलाखतीला, मी दुपारी.
तुझ्या घामाची ओल अजून काखेत असायची.
नोकरी तुलाच लागली.)

रात्रीसाठी टेबल सांगून ठेवलं.
सहाच टेबलं आहेत तिथे,
आपलं खिडकीजवळचं, शिंपल्यांच्या तावदानाखाली.
तिसऱ्यांचं सुकं, आंबटतीक, पोई,
बेबिंका शेवटी, एकच, दोन चमचे.
आणि कुणी बिल आणून ठेवत नाही
आपण मागेपर्यंत.
हे तुला मुद्दाम सांगतेय.
तुझ्या घरी ताट उचलायची घाई असते,
मी पाहिलंय, हात वाळायच्या आत.

मग तुझा निरोप, तीनाचे दोन कर.
ठीक. मी रविवारचा दाणा उचलला.
मग ऑडिट निघालं मडगावला,
दोनाची एक रात्र झाली.
मग सासूबाईंचा दात.
आज सकाळी लिहितेस:
कोल्हापूरची गाडी एकला पणजीत येते,
मडगावची चारला सुटते,
तेवढ्यात काय ते बघू.

हसले गं मी, एकटीच, ओट्याशी.
सगळ्या घड्याळात तुला हेच तीन तास सापडले?
एक ते चार पणजी मिटलेली असते.
इर्मेलिंदा दार ओढते, मासळी जेवते, आडवी होते.
मी तिला विचारून पाहिलं,
एकच दिवस, माझ्यासाठी.
तिने टाचण्या काढल्या तोंडातून,
एवढी गंभीर झाली,
आणि म्हणाली, "ना."

टेबल मी रद्द केलं.
दाणे डाळीच्या डब्यात परत टाकले,
कुठले शनिवारचे, आता ओळखू यायचे नाहीत.

तरी ये.
मी स्टँडवर उभी असेन, डबा घेऊन,
तिसऱ्या घरीच करीन, पोई सकाळचीच.
पातोचा पूल ओलांडून चालत जाऊ,
उन्हात, मांजरं आणि आपण दोघीच.
त्या पिवळ्या घराच्या पायरीवर
बदामाची सावली दीडनंतर येते,
मी बघून ठेवलंय.
तिथे बसून जेवू. सावकाश.
बिल मागायला कुणी नाही, द्यायला कुणी नाही.

आणि मग हात पुसून
त्या काचेला कपाळ टेकव.
झगा समोरच आहे, पुतळ्यावर.
काचेतून लेबल उलटता येत नाही, हेमांगी.
एकदा तरी
नुसता रंग बघ.