उसनी जीभ

मार्गशीर्षातला ताप उतरला
तो जाताना माझ्या तोंडातलं सगळं सामान घेऊन गेला.
खारट, आंबट, फोडणीतला हिंग,
चहातली साखरसुद्धा.
डॉक्टर म्हणाले, येईल परत, दोन-तीन महिन्यांत,
गावी गेलेल्या भाडेकरूबद्दल बोलावं तसं.

आणि बडोद्यात नेमका हाच मोसम.
खंडेराव मार्केटात रमीलाबेन
पापडीच्या ढिगामागे अर्धी दिसेनाशी,
शेजारी ओली हळद, आंबेहळद,
जांभळा कंद अंगावरच्या मातीसकट.
"लई जाओ बेन, आजे ज तोडेली छे."
घेतलं सगळं, सवयीने.
घासाघीसही केली;
चव गेली म्हणून काय भाव सोडायचा?

मग ईशानीला नेमलं.
सहावीतली. एका पायात मोजा, दुसरा हातात,
रिकामा तळवा पुढे.
त्यावर आमटीचा थेंब.
"मीठ?"
डोळे मिटून, न्यायाधीशासारखी थांबून,
"एक चिमूट. तुझी नको, बाबांची."
तिच्या जिभेवर घर चाललं,
डबे गेले, पाहुणे जेवून उठले,
ह्यांना तर पहिला आठवडाभर पत्ताच नव्हता.

मी जेवत होते दातांनी, कानांनी.
पोंक आला.
ज्वारीचा कोवळा दाणा फुटताना
इतका ओला आवाज करतो
हे मला बेचाळिसाव्या वर्षी कळलं.
वर लिंबू-मिरीची शेव,
तिचा आवाज वेगळा, भांडखोर.
ओल्या हळदीच्या चकत्या रोज लिंबात मुरवल्या,
बोटं आठवडाभर पिवळी,
काउंटरवर नोटा मोजायला लागले की
लोक नोटांऐवजी माझी नखं बघायचे.

उत्तरायणला गच्चीवर नयनाबेनचं उंधियु.
झाकण उघडलं तिने,
मी वाफेत तोंड धरलं. ऊब तेवढी मिळाली.
मुठियं बोटांनी मोडलं, मऊ होतं.
"केवुं थयुं?"
मी ईशानीकडे पाहिलं.
ती म्हणाली, "बेस्ट. पण कंद जरा कच्चा."
नयनाबेन चार दिवस माझ्याशी बोलली नाही.
हिच्याशी बोलायची.

होळीची धाणी-खजूरही अशीच गेली,
एक कुरकुरीत, एक चिकट.

आणि फाल्गुन संपता संपता, एका बुधवारी,
मी पेपर वाचत होते,
करपल्याचा वास आला.
वास.
आला.
दूध उतू जाऊन शेगडीवर काळं होत होतं
आणि मी गॅस बंद न करता
त्याच्यासमोर उभी.
देवासमोरही इतका वेळ उभी राहत नाही मी.

दुपारी बँकेतून निघून गाडीवर शेवउसळ.
तरी वेगळी मागून घेतली, कांदा, लिंबू,
नाक वाहिलं, डोळे वाहिले,
गाडीवाल्याने न विचारता पाणी पुढे केलं.
दुसरी प्लेट मागवली.
रात्री सगळे झोपल्यावर
गूळ, चिंच, आमसूल, मेथीदाणा,
एकेक डबा उघडून बोट घातलं.
मेथीदाण्याला तर चक्क हसले.

आता चैत्र.
कमाटी बागेच्या फाटकाशी
कडुलिंबाच्या मोहोराचा रस विकतात.
फिरायला आलेले लोक नाक दाबून एका घोटात संपवतात,
मी पेला दहा मिनिटं पुरवला.
आज हळदीकुंकू.
हरभऱ्याची डाळ भिजलेली, कैरी किसताना
दात आधीच शिवशिवले.
वाटली, फोडणी ओतली, मीठ घातलं.
चाखलं.
बरोबर होतं.

ईशानी दारात.
कंगवा केसात अडकलेला, तळवा पुढे.
मी अजून कोणालाच सांगितलेलं नाही.
सांगेन, हिची परीक्षा होऊ दे.
तळव्यावर डाळ ठेवते.
"मीठ?"
डोळे मिटतात. कपाळावर ती जुनी आठी.
पलीकडे नयनाबेनचा कुकर दोनदा बोलून गप्प होतो.
"कणभर," ती म्हणते.
मी कणभर घालते.

आज डाळ जरा खारट होणार.