नऊ पूर्णांक तीन

सकाळी येऊन बघते तर
रात्रभर एकटंच जागलेलं सॉफ्टवेअर
तेवीसपैकी बावीस जागा हिरव्या करून
एकीवर लाल ठिपका ठेवून बसलेलं.

गेल्या महिन्यात बंगळूरहून माणूस येऊन ते बसवून गेला.
जाताना म्हणाला, तुमच्यावर अविश्वास म्हणून नाही हां.
एकोणीस वर्षं मी ही शिखरं डोळ्यांनी वाचली,
खरं कुठलं, आणि त्याच्या आधी
तोतरत येणारी त्याची सावली कुठली,
वडगावात बाबा लुगड्यावरून तळवा फिरवून
तुटला धागा सांगायचे, तसं.
बाबांचंही कधीतरी चुकायचं.
ते लुगडं मग आई नेसायची.

हाड क्रमांक एकशे चार.
मलप्रभेच्या वाळूतून, खानापूरच्या खाली.
मी वाचलं होतं: सात, दहा.
ते म्हणतं: सात, नऊ पूर्णांक तीन.

या दोन आकड्यांत एका अक्षराचा फरक असतो.
आमच्या फाटकावरच्या पाटीवर बेळगावी,
आईच्या तोंडात, दुधाच्या वहीवर बेळगाव,
तेवढाच. एका वेलांटीचा.
तेवढ्यावरून इथं डोकी फुटलेली मी पाहिलीत,
आणि तेवढंच वाचायला चुकले.

शिवलीला हुक्केरीनं खुर्ची ओढली.
नोड्री मॅडम, त्या दिवशी दुपारभर करंट नव्हता,
मशीन बॅटरीवर चाललं, एसी बंद,
मोजपट्टीच सरकली असणार केसभर.
ती मला वाचवत होती.
सरकलेली पट्टी बघायची कुणी, हे तिनं विचारलं नाही.

यल्लूबाई घाडी, कणकुंबीच्या अलीकडची.
तिच्या रक्तात सहा, नऊ पूर्णांक तीन.
बाकी सगळीकडं हाड तिच्याशी जुळलेलं,
फक्त इथं अडलेलं, म्हणून मी
'अनिर्णित' लिहून सही केली होती.
या जिल्ह्यात तो शब्द कुणाला जड जात नाही.
आख्खा मुलूख त्यात राहून म्हातारा झाला.

ती मात्र दर सोमवारी पहिल्या बसनं यायची.
वॉचमनला विचारायची,
'माझा वैजू न्हवंच म्हणूलेत न्हवं गा अजून?'
काही कळलं नाही, असं ऐकून
जरा ताठ होऊन परत जायची.

दुरुस्ती करताना सॉफ्टवेअर कारण मागतं.
तापमान. मोजपट्टी. खराब नमुना.
चौथं, सगळ्यात खाली: वाचणाऱ्याची चूक.
मी चौथं निवडलं.
ठिपका हिरवा झाला, आणि एकशे पाच आपोआप उघडलं.

हे पोलिसांनी सांगायचं असतं, नियमानं.
मी जिना उतरले.
बदामाखाली ती पिशवी मांडीवर घेऊन बसलेली.
काय म्हणायचं ते जुळवत होते,
तर खऱ्या शब्दाच्या आधी
त्याची सावलीच येत राहिली, बारीक,
आणि परत तीच.