‘अँड’नं वाक्य सुरू करू नये

एकोणीस वर्षं हेच शिकवलं,
कारण डोंगरे गुरुजींनी मला तेच शिकवलं होतं,
सागाच्या पट्टीनं, उलट्या हातावर.

यंदा सातवीत आठच पोरं.
एप्रिल, सकाळची शाळा, साडेनऊलाच टिनं तापलेली.
फळ्यावर लिहिलं : इट इज हॉट.
प्रज्योत पेंदोर म्हणाला, ‘सर, हा इट कोन हाय?’
कोणीच नाही, म्हटलं. इंग्रजीला कर्त्याशिवाय करमत नाही,
म्हणून रिकामं पोतं उभं केलंय.
तो बराच वेळ पोत्याकडे पाहत राहिला.

तशी ही भाषा वाटते तितकी परकी नाही.
‘मी भाकर खाऊन राह्यलो’ –
पुण्याच्या प्रशिक्षणात हसले होते माझ्या याच राह्यलोवर.
इथं चालू वर्तमानकाळ एका तासात समजला सगळ्यांना.
आय अ‍ॅम हॅविंग टू गोट्स का चुकतं, तेही :
‘तू म्हनतं का रे, माह्याजवळ दोन बकऱ्या असून राह्यल्या?’
पोरं बाकावरून पडायची तेवढी बाकी होती.

वांग्यानं मात्र घोटाळा केला.
पुस्तकात ब्रिंजल, मोबाइलमध्ये एगप्लांट.
‘अंडं झाडाले लागते काय सर?’
अरे, घरी भेदरं म्हणता, बाजारात टमाटर,
रस्सा बदलतो का?

मग समीक्षा तायडेचा निबंध. माय मदर.
अँड शी गो टू फील्ड. अँड शी कम होम.
अँड शी सिट. अँड शी नॉट टॉक.
सात अँड. सातही लाल केले.
गो-कमच्या शेपटाला एस टांगला.
वही घेताना ती काही बोलली नाही.

दुपारी तिची आई आली, शिष्यवृत्तीच्या कागदासाठी.
‘आन् सर, बँकवाला म्हने आधार आना.
आन् म्या आनलं. आन् मंग म्हने अंगठा जुळत नाही.
आन् कापूस येचू येचू रेघाच नाही राह्यल्या त्याच्यावर.’
यातला कुठला आन् काढू?

रात्री अकोल्याच्या रद्दीतून आणलेलं जाडं व्याकरण उघडलं.
असा नियमच नाही.
लहान पोरांनी दम खावा म्हणून
कुण्या मास्तरनं कधीतरी सांगितलं असेल,
आणि मी, वावरच नाही तिथं
एकोणीस वर्षं धुरा घालत होतो.

दुसऱ्या दिवशी माझ्याच लाल रेघांवर काट मारली.
एस ठेवला. एस खराच आहे.
समीक्षानं वही उलटसुलट पाहिली.
शेवटची ओळ होती : वी आर टू इन हाउस.
‘सर, वी म्हंजे आमी का आपुन?’
दोन्ही, म्हटलं. त्यांच्याकडे एकच शब्द.
‘मंग समोरच्याले कसं समजते,
त्याले धरलं का सोडलं?’

घंटा झाली.
आणि मी डस्टर शोधत राहिलो,
हातातच होतं.