चार मिलिअँपियर

शून्याला चार का? रय्या विचारते.
तिचा प्रशिक्षणाचा तिसरा दिवस. टाकी रिकामी,
मीटर मी तारेत गुंतवलाय,
आणि त्यावर ठळक: चार पूर्णांक शून्य शून्य.
टाकीत थेंब नाही, मग तारेत तरी कशाला काही?

मी पेचकसाने एक तार सोडवतो.
आकडा कोसळतो.
हे बघ, म्हणतो, हे खरं शून्य. हे मेलेलं.
उंदराने कुरतडलं, खाऱ्या हवेने पेच खाल्ला,
नाहीतर कुणी झाकण उघडं टाकून जेवायला गेलं.
चार म्हणजे: मी आहे, जागा आहे,
सांगण्यासारखं काही नाही, इतकंच.

ती वहीत उतरवते, उजवीकडून डावीकडे;
आकडे मात्र माझ्यासारखेच, डावीकडून.

सूरच्या या किनाऱ्यावर तिचे आजोबा गलबतं बांधायचे.
नकाशा नाही, फूटपट्टी नाही, एक डोळा मिटून फळी बघायची.
त्यांचं कॅलिब्रेशन कोण करायचं? ती हसत विचारते.
समुद्र, मी म्हणतो. आणि तो दाखला देत नसे,
थेट बुडवायचा.

दुपारी पंपघर. कानात बोळे घालून बोलतो आम्ही,
म्हणजे ओरडतोच.
पासष्ट बारच्या दाबाने समुद्र पडद्यावर रेटायचा,
गोडं पाणी पलीकडे, मीठ अलीकडे.
आणि अलीकडचं ते खारट, नको असलेलं पाणी
तसंच सोडून द्यायचं नाही:
अंगातला दाब अजून उतरलेला नसतो त्याच्या.
तो येणाऱ्या पाण्याच्या हाती द्यायचा, मग जा म्हणायचं.
निम्मी वीज वाचते.
रय्या नळीवर तळवा ठेवून उभी राहते जरा वेळ.

अकरा वर्षं झाली.
सेन्सर बिघडला तर कळतं,
सरकला तर कळत नाही. रोज केसभर,
आणि त्याला स्वतःला वाटत राहतं आपण बरोबर.
मागच्या सुट्टीत चिपळूणला जेवताना मृदुला म्हणाली,
हळू बोल. इथे कुणाचा पंप चालू नाहीये.

फोनवर आमचं ठरलेलं आहे.
काय विशेष?
विशेष काही नाही.
तुझ्याकडे?
नाही, विशेष काही नाही.
कुरियाकोस चेष्टा करतो, एवढ्यासाठी पैसे मोजतोस?

मार्चमध्ये तीन दिवस फोन लागला नाही.
बंद. पुन्हा बंद. शेजारचे देवधर गावाला गेलेले.
मी पाळी केली, रीडिंग लिहिली,
दोन खोडून पुन्हा लिहिली.
चौथ्या दिवशी कळलं,
फोन पाण्याच्या पिंपात पडला होता, तांदळाच्या डब्यात वाळत होता.
काय विशेष? मी विचारलं.
आवाज नीट निघाला नाही.

हे रय्याला सांगत नाही.
तिला सौर पॅनेलच्या रांगांकडे नेतो, तापमान दाखवतो:
काच अडुसष्ट अंशांवर.
ऊन हवं, पण तापणं नको;
जितकं तापेल तितकं कमी देईल.
आमच्या मुकादमासारखं, ती पुटपुटते. कुठला मुकादम, विचारत नाही.

रांगेच्या टोकाला ऊन मोजणारा छोटा काचेचा घुमट.
त्यावर धुळीची साय.
ती ओढणीचं टोक ओलं करून पुसते, बोटाने, बाळाचं तोंड पुसावं तसं.
पडद्यावर सातशे साठ वॅट होते,
आठशे बेचाळीस झाले.

वॉकीटॉकी खरखरते. नियंत्रण कक्षातून कुरियाकोस:
अरे, सूर्य कुणी वाढवला?

रय्या माझ्याकडे बघते. मी बटण तिच्याकडे सरकवतो.
ती घसा साफ करते.
विशेष काही नाही, म्हणते आपल्या अरबीत,
धूळ होती.

परत येताना सकाळची तार ती स्वतः जोडते,
पेच आवळते, थांबते,
आणि मीटरकडे न बघता मला सांगते,
चार.