हजाराला दोन

टॉवर तीनशे बारा. जिंतूर मागं पडलं,
येलदरी अजून यायचीय.
सावली म्हणाल तर टॉवरच्या पायांची,
तीही जाळीदार, वहीवर चौकडे पाडणारी.
दस्तगीरभाईंनी पाण्याची कॅन टेकवली,
मी मांडीवर हिशेब घेतला.

आमचा टप्पा साठ किलोमीटरचा.
किलोमीटरला रोध एक शतांश ओहम,
चार तारांचा जुडगा धरून, वीस अंशांवर.
हे वीस अंश कुठल्या गावचे, पुस्तक सांगत नाही.
इकडच्या मे महिन्यानं ते कधी पाहिलेले नाहीत.
हवा त्रेचाळीस, वरून ऊन, आतून दीड हजार अँपिअर.
तार सत्तरला गेली असणार.
म्हणजे पाचाचे सहा.
शून्य पूर्णांक साठ होता तो
शून्य पूर्णांक बहात्तर झाला.

दस्तगीरभाई मधे बोलत नाहीत.
पॅट्रोलिंगला लागायच्या आधी
चौदा वर्षं मोंढ्यात मापाडी होते.
आकडा चालू असताना बोललं
की काटा हलतो, म्हणतात.

हा डीसी, मी सांगत जाते,
घरातल्या विजेसारखी जा-ये करत नाही.
ती तारेच्या कातडीकडं सरकते,
हा गाभ्यातून जातो, अख्खी तार वापरतो.
म्हणून मांडणी साधी :
प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध.
मेख त्या वर्गात आहे.
दुप्पट नेलं तर दुप्पट नाही, चौपट सांडतं.
म्हणून तर व्होल्टेज पाच लाखांवर चढवायचं
आणि प्रवाह हात राखून सोडायचा.

एका बाजूला सोळा लाख वीस हजार वॉट.
धन आणि ऋण दोन्ही मिळून
बत्तीस लाख चाळीस हजार.
वर कोरोना.
हसू नका भाई, हा फार जुना आहे, विजेचा.
रात्री गाव निजल्यावर वरून चरचर ऐकू येते ना, तो.
त्याचे अंदाजे दीड लाख.

“आणि माल किती निघाला होता?”
पंधराशे मेगावॉट.
अंगठा बोटांच्या पेरांवरून दोनदा फिरला.
“हजाराला दोन, वर चिमूटभर. बस?
आमच्यात शेकड्याला दोन कापायचे.
माती, काडी, सुकती
आणि जे काहीच नाही, त्याचं.”

मग कॅनचं झाकण लावता लावता :
“हे काट्यावर दिसतं का पण?”

दिसत नाही.
टप्प्याच्या दोन्ही टोकांना मीटर बसवले
तरी प्रत्येकाची स्वतःची चूक
हजाराला दोनच्या आसपास.
हरवलेला माल आणि काट्याची खोट
एकाच मापाची.
म्हणून तर मोजत नाही, मांडतो.

“म्हणजे तुम्ही सांगाल ते मानायचं.”
मी नाही, हिशेब सांगतो.
“हां. मीपण हेच म्हणायचो,”
ते म्हणाले, “आडत्याच्या बाजूला बसून.”

वर तारा झोळ टाकून पडलेल्या,
सकाळपेक्षा हातभर खाली.
सांडलेलं सगळं तिथंच होतं,
उन्हात ऊन मिसळलेलं,
कुणाच्याही अंगाला वेगळं न लागणारं.

रिपोर्टच्या रकान्यात एकच दशांश मावतो.
तीन पूर्णांक एकोणचाळीसचे
मी तीन पूर्णांक चार केले.
दहा किलोवॉट, कागदावर, जास्तीचे जाळले.
एक पिठाची गिरणी आणि वर दोन-तीन पंखे.

उतारावरच्या वस्तीत गिरणी आहेच.
आम्ही पाणी मागायला थांबलो तेव्हा
पट्टा सैल लोंबत होता,
ज्वारीचे डबे रांगेत, झाकणांवर खडूनं नावं,
आणि गिरणीवाली बाई
आम्हाला टोप्यांवरून ओळखून विचारत होती,
थ्री फेज किती वाजता येईल.

दस्तगीरभाईंनी माझ्याकडं पाहिलं.
वही माझ्याकडं होती.